काल दुपारी कुठे जेवलात?

डॉक्टर दिनकर नेरूरकर नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. गाव विचारत नाहीत, कंपनी विचारत नाहीत, आणि इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये दोन मराठी माणसं भेटली की चहा यायच्या आधीच जो घरांच्या किमतींचा विषय निघतो, तोही काढत नाहीत. ते समोरच्याच्या चेहऱ्याकडे रोखून बघतात आणि विचारतात, "काल दुपारी कुठे जेवलात?"

मला हा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या घरात राहायला येत होतो आणि माझ्या पोटाशी मायक्रोवेव्ह होता. मी म्हणालो, ऑफिसात, डेस्कवरच, सँडविच खाल्लं. त्यांनी विचारलं, कसलं? मी मायक्रोवेव्ह खाली ठेवून विचार केला. चिकनचं असावं. किंवा एगचं. मला काही केल्या आठवेना. डॉक्टरकाकांनी मान हलवली आणि ते आत गेले. थोड्या वेळाने एक डबा घेऊन बाहेर आले. डब्यात मुगाची खिचडी होती. "हे खा," ते म्हणाले, "आणि उद्या कोणी विचारलं तर निदान एवढं आठवू दे."

पुढे कळलं की हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला, डोळे तपासणाऱ्या मुलीला, कौन्सिलच्या बागेत पानं गोळा करणाऱ्याला. इंग्रज माणूस या प्रश्नाने गोंधळतो. त्याला हवामानाबद्दल विचारलेलं चालतं. जेवणाबद्दल विचारलं की आपल्यावर काहीतरी संशय आहे असं त्याला वाटतं. बहुतेक जण "नुसतं एक पॅकेट क्रिस्प्स" असं म्हणून सटकतात. पण त्या बॉयलरवाल्याने एकदा खरं उत्तर दिलं. टायरच्या दुकानामागे एक तुर्की बाई दुपारी पालेभाजी भरलेल्या पोळ्या लाटते, असं तो म्हणाला. काका बॉयलर तसाच उघडा टाकून त्याच्याच व्हॅनमधून तिथे जाऊन आले.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. माणसाला 'इथे चांगलं खायला कुठे मिळतं' असं विचारू नये. तो खोटं बोलतो. मुद्दाम नाही, पण पाहुण्याला शोभेल असं काहीतरी सांगतो. जिथे तो स्वतः लग्नाच्या वाढदिवसाला एकदा गेला होता, ते ठिकाण. काल दुपारी कुठे जेवलास असं विचारलं की त्याला पळवाट राहत नाही.

काका भूलतज्ज्ञ होते. कोकणातल्या नेरूरहून मुंबई, मुंबईहून इथल्या हॉस्पिटलात, आणि इथेच निवृत्त. ऑपरेशनला आलेल्या माणसांची त्यांनी आयुष्यभर शुद्ध हरपवली. त्यामुळे हॉटेलवाला फारच गोड बोलायला लागला की ते उठायचे. "मी भूल देणारा माणूस आहे," असं म्हणायचे, "भुलणारा नव्हे."

उंच, किंचित वाकलेले, बाराही महिने अंगात एक मातकट कार्डिगन. शैलाकाकू जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी ऑस्ट्रेलियात. घरात काका एकटे, आणि दर फेब्रुवारीत तेही नसायचे. फेब्रुवारीत ते मेक्सिकोला जायचे. पॅसिफिक महासागराच्या काठी कोळ्यांचं एक गाव आहे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण काकांनी मला तशी शपथ घातली आहे. नाव छापून आलं की पुढच्या वर्षी तिथे ॲव्होकाडो टोस्ट मिळायला लागेल, अशी त्यांना भीती आहे.

त्या गावामुळे काका आमच्या मराठी मंडळात खाण्याच्या बाबतीतले शेवटचे न्यायाधीश झाले होते. कोणी पोर्तुगालला निघो, कोणी नुसतं केंब्रिजला मुलाला सोडायला निघो, काकांना फोन जायचा. काकांना माहीत होतं फक्त ते एक गाव. पण त्या गावाच्या जोरावर ते सगळ्या पृथ्वीबद्दल बोलायचे. समुद्र दिसतो तिथे जेवायचं नाही, कारण तिथला स्वयंपाकी समुद्राच्या जिवावर जगतो. फोटोवाला मेन्यू असेल तिथून उठायचं. ब्रॅकनेलला बदली झालेल्या एकाने, काका इथे समुद्रच नाही, असं सांगितलं, तर म्हणाले, मग तळं दिसतं तिथे जेवू नकोस.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात काका घरासमोरच्या बर्फावर घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण चालताना एक पाय जरा मागे राहायला लागला. फेब्रुवारीत एकट्याने जाऊ नका, असं मुलीने ऑस्ट्रेलियाहून सांगितलं, त्यांच्या फॅमिली डॉक्टरने सांगितलं, आम्ही सांगितलं. काकांनी तिघांचंही ऐकून घेतलं आणि तिकीट काढलं. तेव्हा माझी बायको केतकी म्हणाली की मग आम्हीही येतो.

ती हे बोलली तेव्हा आमचं मेक्सिकोचं एक बुकिंग आधीच झालेलं होतं, पण दुसऱ्या किनाऱ्याचं. मोठं रिसॉर्ट, मनगटाला पट्टा बांधतात, मग दिवसभर जे हवं ते खा आणि प्या. मी भीत भीत काकांना त्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो मनगटी पट्टा बराच वेळ पाहिला. "आमच्या गावात म्हशीच्या कानात असा बिल्ला असायचा," ते म्हणाले. "तिलाही दिवसभर खायला घालायचे." मी बुकिंग रद्द केलं.

मेक्सिको सिटीला विमान बदलून आम्ही तिथे पोचलो. गाव म्हणजे एक वाळूचा अर्धगोल, त्यात ओढून ठेवलेल्या होड्या, मागे दोन-तीन रस्ते आणि त्यामागे लगेच डोंगर. नारळ, केळी, अंगणात पसरलेली जाळी. मला वाटलं की काकांना हे इतकं का आवडतं ते मला कळलं. कोकणच ते. मी तसं म्हणालोही. काकांनी ते झटकून टाकलं. कोकणासाठी कोकणात जाता येतं, ते म्हणाले, मी इथे वेगळ्या कामाला येतो. कसल्या, ते सांगितलं नाही.

काकांची स्पॅनिश अद्भुत होती. तिच्यात क्रियापदं नव्हती. नामं स्पॅनिश, बाकी सगळं मालवणी आणि हातवारे. "सेन्योरा, पेस्कादो ताजो मां?" असं ते कोळणीला विचारायचे आणि ती बाई नुसतं उत्तर देत नसे, कल्ले उघडून दाखवायची. एक वाक्य मात्र त्यांनी अगदी शुद्ध पाठ केलं होतं. "आयेर, दोन्दे कोमिओ?" काल कुठे जेवलात? टॅक्सीवाल्याला त्यांनी ते विचारलं आणि आमच्या बॅगा खोलीवर पोचायच्या आधी आम्ही एका गॅरेजमागच्या पत्र्याखाली बसून कच्च्या माशाच्या पट्ट्या खात होतो. लिंबात मुरवलेल्या, कांदा आणि हिरवी मिरची घातलेल्या. सोबत अंबाडीच्या फुलांचं लालभडक सरबत.

खाताना काकांची एक रीत होती. ते ताट आधी आमच्यापुढे सरकवायचे. "आधी तू." मी पहिला घास घेतला की ते स्वतःच्या ताटाला हात न लावता माझ्याकडे बघत बसायचे. डोळे, नाक, जबडा, सगळं. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटकडे बघत असतील तसं. मग विचारायचे, "सांग."

मी म्हणायचो, मस्त.

"मस्त ही चव नाही. मस्त ही जांभई आहे. नीट सांग."

मी आयटीतला माणूस. काहीतरी चालतंय किंवा चालत नाहीये एवढंच सांगायची मला सवय. मी म्हणायचो, आंबट आहे, मग तिखट आहे, मग थंड आहे. काका हात करायचे, अजून, अजून. माझं शब्दभांडार संपलं की ते शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाकडे वळायचे. तो ट्रक ड्रायव्हर किंवा शाळामास्तर हातवारे करून त्यांना पंधरा वाक्यांत सांगायचा, आणि काका इतक्या समाधानाने मान डोलवायचे की मला स्वतःची लाज वाटायची. मग कुठे ते जेवायला लागायचे, पटपट, फारसं न बघता. केतकीला हे सगळं म्हातारपणीचं कौतुक वाटायचं. मला वाटायचं, मला मौखिक परीक्षेला बसवलंय.

चौथ्या की पाचव्या दिवशी तो प्रसंग झाला.

दुपारी एकच्या सुमाराला आम्ही रस्त्याने चाललो होतो. एका शाळेची भिंत रंगवणारे दोघे जण ब्रश धुऊन, हात पुसून निघाले. नखशिखांत हिरवे. काका थांबले. भर दुपारी भुकेला कामकरी माणूस ज्या दिशेला जातो त्या दिशेला जावं, हा त्यांचा सर्वांत मोठा सिद्धांत होता. त्यांनी काठीने आम्हाला खूण केली आणि आम्ही तिघे त्या दोघांच्या मागे निघालो.

सुरुवातीला त्यांना कळलं नाही. दुसऱ्या वळणावर एकाने मागे पाहिलं. तिसऱ्या वळणावर दोघांनी पाहिलं आणि चालण्याचा वेग वाढवला. काकांनीही वाढवला. पाय मागे राहत होता, काठी खडखडत होती, पण भुकेच्या बाबतीत ते हार मानणारे नव्हते. पुढे दोन हिरवी माणसं, मागे कार्डिगन घातलेला एक उंच म्हातारा, त्याच्यामागे सनस्क्रीनने पांढरे झालेले मी आणि केतकी. दारात बसलेले लोक आमच्याकडे बघायला लागले. केतकी मला हळूच म्हणाली की आपल्यामुळे ते बिचारे घाबरलेत. मी काकांना तसं सांगितलं. काका म्हणाले, "घाबरलेत म्हणजे जागा चांगली असणार. कोणाला दाखवायची नाहीये त्यांना."

ते दोघे एका निळ्या फाटकातून आत शिरले. आम्हीही शिरलो.

आत अंगण होतं. लिंबाच्या झाडाखाली प्लास्टिकचं टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, चुलीवर मोठा तवा आणि त्यावर मक्याच्या छोट्या भाकऱ्या फुगत होत्या. मेन्यू नाही, बोर्ड नाही, समुद्र दिसत नाही. काकांच्या सगळ्या अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या होत्या. त्यांनी विजयी मुद्रेने खुर्ची ओढली, बसले, आणि तव्यापाशी उभ्या असलेल्या जाडजूड बाईला तीन बोटं दाखवली.

बाई आमच्याकडे बघत राहिल्या. मग त्या दोन हिरव्या माणसांकडे बघितलं. त्यांनी खांदे उडवले. बाईंनी क्षणभर विचार केला, हात पुसले, आत गेल्या आणि आणखी तीन ताटल्या घेऊन आल्या.

आम्ही काळ्या घेवड्याची उसळ खाल्ली, आडवा चिरून लाल मसाला लावून निखाऱ्यावर भाजलेला मासा खाल्ला, आणि भाकऱ्या किती खाल्ल्या ते विचारू नका. हिरवी माणसं समोर बसून मुकाट्याने जेवत होती आणि मधूनमधून आमच्याकडे बघत होती. काकांनी सवयीने माझी परीक्षा घेतली, माझं उत्तर नापसंत केलं, आणि त्या दोघांतल्या थोरल्याकडे वळून "आयेर, दोन्दे कोमिओ?" असं विचारलं. तो म्हणाला, "इथेच." परवा? "इथेच." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की, बघितलंस? रोज येतात. असं गिऱ्हाईक बांधून ठेवणारी जागा पाहिजे.

जेवण झाल्यावर मी पाकीट काढलं. बाई हसायला लागल्या. आधी त्या हसल्या, मग थोरला हिरवा हसला, मग धाकटा असा हसला की त्याला ठसका लागला. केतकी तोवर फोनवरच्या ॲपमधून थोडी स्पॅनिश शिकली होती. तिने ऐकून घेतलं आणि तिच्या चेहऱ्याचा रंग बदलला. मला मराठीत म्हणाली, "अरे, हे त्यांचं घर आहे. ही त्यांची आई आहे."

मला फाटकाबाहेर पळत सुटावंसं वाटलं. केतकी हात जोडून सॉरीचं स्पॅनिश शोधायला लागली. काका मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी त्या बाईंकडे पाहिलं, आपल्या रिकाम्या ताटलीकडे पाहिलं, आणि अत्यंत गंभीरपणे मालवणी-स्पॅनिशमध्ये विचारलं की उद्या यायचं का.

बाईंचं नाव दोन्या चायो. त्यांना हा प्रश्न इतका आवडला की त्यांनी हो म्हटलं. आम्ही रोज जाऊ लागलो. पैसे त्या घेईनात, म्हणून केतकी सकाळी होड्या आल्या की मासे घेऊन जायची, मी लिंबं आणि कोळसा न्यायचो. काका काही न्यायचे नाहीत. ते नुसते बसायचे. त्यांना बसायला जी खुर्ची मिळायची तिथून तवा दिसत नसे, सगळ्यांचे चेहरे मात्र दिसत.

एका सकाळी केतकीने मोठा रावससारखा मासा घेतला. त्या दिवशी दोन्या चायो बहिणीकडे जाणार होत्या, म्हणून खोलीवरच कालवण करायचं ठरलं. नारळ आणला, कोथिंबीर आणली. मग आम्ही दोघे पोहायला गेलो. माशाची पिशवी फ्रिजमध्ये मी ठेवली असं केतकीला वाटलं आणि केतकीने ठेवली असं मला वाटलं. लग्नाला बरीच वर्षं झाली की असं होतं.

आम्ही परतलो ते उन्हं कलल्यावर. वास जिन्याखालूनच यायला लागला. पहिल्या मजल्यावरच्या कॅनडाच्या बाईंनी दार घट्ट लावून घेतलं होतं. आमच्या दाराशी मांजरं बसली होती, गावातली सगळी असावीत. दार उघडलं तर आत आणखी काही. आणि खिडकीपाशी, बंद पंख्याखाली, काका शब्दकोडं सोडवत आरामात बसले होते. पिशवी त्यांच्या खुर्चीच्या पायाशी होती. तिच्यातून पाणी झिरपत त्यांच्या चपलेपर्यंत आलं होतं. एक मांजर त्यांच्या मांडीवर होतं.

"या," काका म्हणाले. "इथली मांजरं किती प्रेमळ आहेत बघा."

मी नाक दाबून पिशवी उचलली आणि धावत खाली कचऱ्याच्या पिंपापर्यंत गेलो. परत वर आलो तेव्हा केतकी काकांच्या समोर जमिनीवर बसली होती. तिने खिडक्या उघडल्या नव्हत्या. काकांनी कोडं मिटलं होतं. ते म्हणत होते की जरा सर्दी आहे, विमानात एसी फार होता.

"काका," केतकी म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही. कधीपासून?"

मांजराच्या पाठीवरून त्यांचा हात फिरत राहिला. मग ते म्हणाले की बरीच वर्षं झाली. एका हिवाळ्यात साधा ताप आला, तीन दिवसांत गेला, आणि जाताना नाक घेऊन गेला. जीभ शिल्लक आहे. मीठ कळतं, आंबट कळतं, मिरची झोंबते. पण सुरमई आणि उकडलेला बटाटा यांत आता फरक राहिलेला नाही. डॉक्टर मित्रांना दाखवलं, नाकात नळ्या घालून झाल्या, वासाच्या बाटल्या हुंगून झाल्या. काही झालं नाही.

मला तेव्हा त्यांच्या ताट पुढे सरकवण्याचा अर्थ लागला. इंग्लंडात माणसं दुपारी स्क्रीनकडे बघत जेवतात, काका म्हणाले, त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. इथे लोक एकमेकांकडे बघत जेवतात. पहिला घास आत गेला की भुवया कशा वर जातात, नाकपुड्या कशा फुलतात, ते बघत बसलं की त्यांना काहीतरी आठवतं. अगदी चव नाही, पण चवीच्या जवळचं. चेहरे वाचणं हाच तर त्यांचा धंदा होता.

केतकीने विचारलं, शैलाकाकूंना माहीत होतं का?

काका हसले. त्या गावात ते पहिल्यांदाच असे हसले, आवाज न करता.

शैलाकाकू साताऱ्याच्या, पूर्ण शाकाहारी. काकांचे मासे बाहेर, घरात काकूंची आमटी, अशी त्यांच्या संसाराची वाटणी होती. काकांनी तिला नाकाचं सांगितलंच नाही. तिचा सगळा दिवस स्वयंपाकाभोवती, आणि जेवणारा एकच. त्याला काही कळत नाही हे तिला कशाला सांगायचं? म्हणून ते रोज नवीन स्तुती रचायचे. आज फोडणी काय बसलीय. आज कोथिंबीर ताजी दिसते. कधी कधी कारमध्ये, राउंडअबाउटला थांबलेले असताना, संध्याकाळच्या आमटीबद्दल काय म्हणायचं त्याची तयारी करायचे.

"एक दिवस मी म्हटलं, शैला, आज गोडा मसाला काय उतरलाय," काका म्हणाले. "ती वाढता वाढता थांबली. म्हणाली, हो का? मग वाढून झालं, जेवण झालं. भांडी विसळताना माझ्याकडे पाठ करून म्हणाली, मसाला कालच संपला. आज घातलाच नव्हता."

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

"काही नाही. तीही काही म्हणाली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायला लागली. आधी समोर बसायची. आणि स्वतःच्याच स्वयंपाकाला नावं ठेवायला लागली. आज हिंग जरा पुढे आलाय बाई. चिंच कमी आहे, पण खोबऱ्याचा वास छान लागलाय, खमंग, भाजताना दोन ढलप्या करपल्यात ना, त्याचा. सगळं जेवण होईपर्यंत तिची टीका चालायची. मी हं हं करत जेवायचो. मला कळलंय हे तिला माहीत होतं. तिला कळलंय हे मला माहीत होतं. विषय कधी निघाला नाही."

मांजर त्यांच्या मांडीवरून उतरून दाराबाहेर गेलं. मासाच नाही म्हटल्यावर बाकीचीही पांगली होती.

शेवटच्या आजारपणात काकूंना नळीवाटे अन्न द्यायचे. काका रोज वॉर्डात जायचे. ती विचारायची, आज काय केलंत? काका घरी टोस्ट खाऊन आलेले असायचे. पण ते तिला सांगायचे, आज मी आमटी केली. कशी झाली? मग ते सांगायचे. तिनेच शिकवलेल्या शब्दांत, फोडणीपासून. ती डोळे मिटून ऐकायची आणि मध्येच म्हणायची, मेथीदाणा जळला वाटतं. आणि काका कबूल करायचे, हो, थोडा जळला.

केतकी उठली आणि तिने सगळ्या खिडक्या उघडल्या. त्या संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावरून मक्याची कणसं आणून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. त्या भागात गुरुवारी घरोघर पोसोले करतात, मोठमोठ्या फुललेल्या मक्याच्या दाण्यांचा हिरवा रस्सा. दोन्या चायोंनी सकाळपासून पातेलं चढवलं होतं. शाळेची भिंत रंगवून संपली होती. हिरवी माणसं आता एका दुकानासाठी पिवळी झाली होती. आम्ही आपापल्या खुर्च्या घेतल्या. काकांपुढे वाडगा आला. केतकी माझ्या शेजारून उठली, तिने आपली खुर्ची उचलली आणि काकांच्या बाजूला नेऊन ठेवली.

तिने एक चमचा घेतला. काकांकडे बघितलं नाही. वाडग्याकडे बघतच मराठीत बोलायला लागली, जरा तक्रारीच्या सुरात.

"रस्सा दाट झालाय. भोपळ्याच्या बिया वाटल्यात ना, त्यांचा भाजलेल्या तिळासारखा वास आहे, पण मागून येतो. पहिल्यांदा येतो तो ओव्यासारखा, वर काहीतरी चुरून टाकलंय. मका दाताखाली तटकन फुटतो, आणि आत, काय म्हणू, ओल्या चुन्यासारखं काहीतरी. वाईट नाही. नव्या रंगवलेल्या घरात शिरल्यासारखं."

काकांनी चमचा वाडग्यात बुडवला. ते कोणाच्याही चेहऱ्याकडे बघत नव्हते. सावकाश खात होते. केतकी बोलत राहिली. कांदा कच्चा आहे, मुळा उगाच घातलाय, लिंबाने सगळं जागं झालंय. तिला मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागलं तर काका चमचा हातात धरून थांबायचे.

दोन्या चायो तव्यापाशी उभ्या राहून हे बघत होत्या. बोलता बोलता केतकीचं स्वतःचं पोसोले निवत चाललं होतं आणि त्यांना ते पाहवेना. त्यांनी काकांना विचारलं की ही बाई जेवायचं सोडून एवढं काय बोलतेय?

काकांनी उत्तरासाठी स्पॅनिशमध्ये शब्द शोधले. या वेळी त्यांना क्रियापद लागणार होतं, आणि ते त्यांच्याकडे नव्हतं. शेवटी त्यांनी हाताची पाच बोटं एकत्र केली, घास धरल्यासारखी, आणि ती केतकीच्या दिशेकडून आपल्या तोंडापर्यंत आणली.

"ती मला भरवतेय," ते मराठीतच म्हणाले.

दोन्या चायोंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात धडधाकट होते. त्यांनी खांदे उडवले, तव्यावरची गरम भाकरी उचलली आणि केतकीच्या ताटलीत टाकली.